वजन उतरलं, पण पोटाची कातडी लोंबतेय, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी 36 वर्षांची, सांगलीजवळ राहते, दोन मुलं, धाकट्याच्या वेळी सिझर झालं. सव्वा वर्षात वजन 94 वरून 63 वर आणलं. दोन वेळा जेवण आणि रोज पाऊण तास चालणं, बाकी काही नाही. आता चार महिने वजन तिथंच आहे, शुगर पण नॉर्मलला आली. पण पोटाची कातडी अक्षरशः लोंबतेय, दंडाचं पण तेच, हात वर केला की हलतं नुसतं. परकराच्या नाडीखाली वळी पडते तिथं सारखी खाज, लाल होतं, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं आणि परत सुरू. नणंद म्हणते आजारी दिसतेस. आई म्हणते थोडं वजन वाढव म्हणजे भरून येईल. पार्लरवाली दहा सिटिंगचे 45 हजार सांगतेय, टाईट होणार म्हणून गॅरंटी देतेय. कोलाजन पावडरचे दोन डबे आणून झाले. रोज 100 क्रंचेस मारते तर उलट पोट मधोमध टोकदार दिसायला लागलंय. आणि भाऊ 24 चा, 118 किलो, तो इंजेक्शन घेऊन झटपट उतरवणार म्हणतोय, त्याचं असं होऊ नये म्हणून काय करायचं तेही सांगा.

उत्तर : अगं, आधी पार्लरवालीला नाही म्हणून टाक, बाकीचं मग बोलू. 31 किलो उतरवल्यावर जी कातडी उरते ती वरून फिरवलेल्या मशीनने आत जात नाही, आणि गॅरंटीबिरंटी तर कुठलाच शहाणा डॉक्टर पण देत नाही. ते प्लास्टिक गुंडाळून घाम काढतात ना, त्यात अंगातलं पाणी जातं, टेपवर अर्धा-एक इंच कमी दिसतं, दोन दिवसांनी जिथल्या तिथं. 45 हजार तसेच राहू देत, पुढे खरंच लागू शकतात, कशाला ते सांगते.

आता खाजेचं. तू ते पत्रात मधेच कुठंतरी एका ओळीत उरकलंयस, पण मला विचारशील तर या सगळ्यात आत्ता लगेच बघायची गोष्ट तीच आहे. पोटाची वळी खाली लोंबते, कातडीवर कातडी घासते, घाम आत अडकतो, वारा लागत नाही, वरून परकराची नाडी बरोबर तिथंच काचते, मग तिथं बुरशी धरते. ट्यूबने चार दिवस बरं वाटून परत येतंय याचा अर्थ बहुतेक त्यात स्टेरॉईड आहे. डबी हातात घे आणि बारीक अक्षरात नाव वाच, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ती ट्यूब बंद करायची आणि सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जायचं. स्टेरॉईडने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत मजेत वाढत राहते, आपल्याकडे गजकर्ण जे हटायचं नाव घेत नाही त्याला या स्टेरॉईड घातलेल्या मिक्स मलमांचा मोठा हात आहे. आणि तुझ्या बाबतीत दुप्पट वाईट, कारण वळीतल्या नाजूक कातडीवर स्टेरॉईड महिनोन्‌महिने लावलं तर ती अजून पातळ होते, नवीन स्ट्रेच मार्क पडतात. म्हणजे जे नकोय तेच विकत घेतोय आपण.

डॉक्टर साधारण नुसतं बुरशीचं औषध देतील, ते सांगतील तितके दिवस लावायचं, खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडायचं नाही. घरी एवढं कर की आंघोळ झाल्यावर वळी हाताने वर उचलून आतली जागा सुती पंचाने टिपून घ्यायची, घासायची नाही, आणि दोन-चार मिनिटं फॅनखाली तशीच वाळू द्यायची, मगच कपडे. दिवसभर जुन्या सुती साडीची घडी किंवा मऊ सुती कापड वळीत ठेव, ओलं झालं की बदल. तिथं खोबरेल तेल नको, ओल्या जागेवर तेल म्हणजे बुरशीची सोय. पावडर थापू नकोस, घामाने तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. नाडीचा परकर काही दिवस बाजूला ठेव, रुंद इलॅस्टिकचा किंवा होजिअरीचा मिळतो तो घाल, वळीच्या वर बसेल असा. ताप आला, कातडी गरम लागून लाली पसरायला लागली, पू किंवा जखम दिसली तर मात्र वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर.

बरं, आता मुख्य प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे बायका पोट दाखवायला येतात तेव्हा मी पहिलं हे बघते की लोंबतंय ते नेमकं काय आहे, कारण सगळं कातडीच असतं असं नाही. आरशासमोर उभी राहा आणि बेंबीच्या खालचा भाग चिमटीत धर. चिमटीत जाड, मऊ, गादीसारखं आलं तर त्यात अजून चरबी आहे, आणि हाताच्या मागच्या बाजूची कातडी धरल्यावर येते तसं पातळ, सुरकुतलेलं आलं तर ती खरी सुटलेली कातडी. बहुतेक जणींच्यात दोन्ही असतं, पोटाच्या वरच्या भागात पातळ आणि खाली जाड.

आणि तिसरी गोष्ट, जी मला तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून खटकली, क्रंचेस मारताना पोट मधोमध टोकदार होतंय. उताणी झोप, गुडघे वाकव, बेंबीच्या जरा वर मधल्या रेषेवर बोटं आडवी ठेव, बोटांची टोकं किंचित आत दाबून फक्त डोकं उशीवरून उचल. दोन्ही बाजूचे स्नायू बोटांना येऊन भिडतील. त्यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल, बोटं आत रुतत असतील, तर तुझे पोटाचे स्नायू बाळंतपणात जे फाकले ते परत नीट जवळ आलेले नाहीत. मग वजन कितीही उतरव, कातडी कितीही आवळू दे, पोट पुढे दिसणारच. तशात 100 क्रंचेस म्हणजे त्या फटीवरच रोज दाब, म्हणून आजपासून क्रंचेस बंद, सिटअप्स बंद. त्याऐवजी उताणं झोपून श्वास सोडताना बेंबीच्या खालचं पोट आत ओढून धरायचं, मग तसंच धरून एक टाच सावकाश लांब सरकवायची आणि परत आणायची, मग दुसरी, नंतर कंबर उचलायचा सेतुबंध. दिसायला अगदी फुसके व्यायाम वाटतात पण नीट केले तर पाच मिनिटांत घाम येतो. जवळ फिजिओ असेल तर एकदा प्रत्यक्ष हात लावून तपासून घे. खोकल्यावर बेंबीपाशी किंवा टाक्यांपाशी गोळा बाहेर येत असेल तर तो हर्निया असू शकतो, मग आधी सर्जन, व्यायाम नंतर.

कातडी किती आवळणार हे खरं सांगायचं तर थोडं आपल्या हातात आणि बरंचसं नाही. कातडीच्या आतल्या थरात कोलाजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात, ताणून परत जाग्यावर येण्याचं काम त्यातल्या इलॅस्टिनचं, आणि ते शरीर लहानपणीच बनवून ठेवतं, मोठेपणी नवीन फारसं बनत नाही. वर्षानुवर्षं ताणलेलं राहिलं की जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखं होतं, ओढलं की येतं पण परत जात नाही. त्यामुळे वजन किती होतं यापेक्षाही ते किती वर्षं अंगावर होतं, वय किती, बाळंतपणं किती, विडी-सिगारेट आहे का, आईवडलांकडून कातडी कशी आलीय यावर सगळं ठरतं. स्ट्रेच मार्क जिथं दाट आहेत तिथं धागे तुटलेलेच असतात, तो भाग कमीच आवळतो. पण तुझं वजन स्थिर होऊन चारच महिने झालेत, त्यानंतर वर्षभर तरी, काहींना दोन वर्षांपर्यंत, कातडी हळूहळू आवळत राहते. हात, चेहरा, मांड्या यात फरक दिसेल. पोटावर दिसेल, पण ती पूर्ण सपाट होईल असं मी तुला सांगणार नाही, 31 किलोनंतर तसं क्वचितच होतं.

आईचं वजन वाढवायचं ऐकू नकोस. माया आहे त्यात, पण चरबी परत आली तर शुगर पण येईल आणि परत उतरवलं की तीच कातडी अजून सैल. भरायचंच असेल तर स्नायूंनी भर. तू सव्वा वर्ष फक्त चाललीस, चालणं उत्तम पण त्याने दंड, खांदे, पाठ यांना काही काम मिळत नाही, आणि नुसतं जेवण कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायू पण जातात, मग कातडीखाली आधारच उरत नाही. दंड जो हलतोय त्यात हे बरंच आहे. आठवड्यातून तीन दिवस, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला हात टेकून पुशअप, दोन हातात पाण्याच्या लिटरच्या बाटल्या घेऊन डोक्यावर उचलणं, दंडाच्या मागच्या बाजूसाठी तीच बाटली डोक्यामागे नेऊन वर करणं, आणि पाठीसाठी दाराला अडकवलेला रबर बँड ओढणं. बारा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवायचं, तीच बाटली वर्षभर उचलत बसायची नाही, डंबेल आण किंवा जिमला जा. पुरुषासारखं शरीर होईल ही भीती सोड, तेवढं करायला पुरुषांना पण नाकी नऊ येतात. सुरुवातीला कातडी उड्या मारते, लाज वाटते, म्हणून आत घट्ट बसणारं शेपवेअर किंवा टाईट लेगिंग घातलं तरी चालेल, फक्त व्यायाम झाला की लगेच काढ आणि वळी कोरडी कर.

जेवणाचं पण बघायला पाहिजे, कारण दोन वेळा जेवणात मला प्रोटीन कमी पडत असणार असं वाटतंय. तुझ्या वजनाला, व्यायाम सुरू केल्यावर, दिवसाला 75 ग्रॅमच्या आसपास हवं (किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरला विचारून). आता आपलं नेहमीचं ताट बघ, पोळीत तीन-एक ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात तीन-चार, भाजीत नावाला, भातात दोन-तीन. दोन जेवणं मिळून तीसचा आकडा गाठताना दमछाक. म्हणून प्रत्येक जेवणात एक ठसठशीत प्रोटीनची वस्तू पाहिजेच. अंडं एक म्हणजे 6 ग्रॅम, तर एक खाऊन काय होतंय, तीन खा. कोरडे सोयाचे वडे 50 ग्रॅम घेतले तर 25 ग्रॅम मिळतात आणि रस्सा झकास होतो. पनीर 100 ग्रॅममध्ये 18, बांगडा किंवा चिकन 100 ग्रॅममध्ये 20 च्या पुढे. वरण घट्ट कर, पाणी नको वाढवू. मटकीची उसळ, पिठलं, दही, शेंगदाण्याची चटणी हे सगळं मोजणीत येतं. आणि कोलाजन बनायला व्हिटॅमिन सी लागतं, त्यासाठी गोळ्या कशाला, एक पेरू किंवा आवळा बास. थकवा येत असेल, केस गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि बी12 तपासून घे, डाएटमध्ये ते बऱ्याचदा खाली गेलेलं असतं आणि नणंदेला जे आजारी दिसतंय त्यातलं अर्धं तेच असू शकतं. उरलेलं अर्धं गालावरची चरबी गेली त्याचं आहे, ते सहा-आठ महिन्यांत सवयीचं होतं, तुझ्या आणि तिच्या डोळ्यांना.

क्रीमबद्दल एवढंच की कातडी मऊ राहते, खाज कमी होते, लोंबलेली कातडी वर जात नाही. अंड्याचा पांढरा, मुलतानी माती, सुकताना ओढल्यासारखं वाटतं, धुतलं की गेलं. रेडिओफ्रीक्वेन्सी, अल्ट्रासाऊंड वगैरे मशीन स्किनच्या डॉक्टरकडे असतात, त्यांनी थोडा सैलपणा थोडा कमी होतो, हनुवटीखाली, दंडाला कदाचित, पण वळी पडण्याइतकी कातडी असेल तर पैसे वाया. लायपोसक्शनचं पण कोणी सांगेल, त्याने चरबी निघते, वरची कातडी उलट अजून मोकळी होते.

लोंबणारी कातडी खरंच काढायची तर एकच उपाय, ऑपरेशन. आणि मला इथं स्पष्ट बोलायचंय, कारण आपल्याकडे याबद्दल दोनच सूर ऐकू येतात, एक तर चोचले म्हणून नाक मुरडायचं, नाहीतर स्वतःवर प्रेम कर म्हणून सोडून द्यायचं. वळीत वर्षभर बुरशी होतेय, चालताना जड लागतंय, कपडे बसत नाहीत, याला चोचले म्हणत नाहीत. हे काही नवीन फॅडही नाही, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली नावाच्या डॉक्टरने 1899 मध्ये एका बाईच्या पोटावरचा जवळजवळ साडेसात किलोचा भाग कापून काढल्याची नोंद आहे. तुझ्या बाबतीत जे होईल त्याला अॅब्डोमिनोप्लास्टी म्हणतात, बोलीत टमी टक. ओटीपोटाच्या खालच्या बाजूला एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा काप, जादा कातडी काढतात, फाकलेले स्नायू आतून शिवून जवळ आणतात, बेंबी नव्या जागी बसवतात, सिझरचा व्रण बऱ्याचदा त्यातच निघून जातो.

पण सोपं समजू नकोस. काही दिवस आत साठणारं पाणी काढायला नळ्या असतात, आठवडाभर वाकून चालावं लागतं, पोटाला पट्टा साधारण सहा आठवडे, तितकेच दिवस पाण्याची घागर, गॅसची टाकी, धाकट्याला कडेवर घेणं सगळं बंद, म्हणजे घरात कोणीतरी माणूस लागणार. व्रण कायमचा राहतो, फिकट होतो पण जात नाही. बेंबीखाली बरेच महिने बधीर वाटतं. आत पाणी साठणं, जखम उशिरा भरणं, पायात रक्ताची गुठळी हे धोके आहेत, त्यासाठीच दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालवतात. वजन किमान सहा महिने स्थिर पाहिजे, म्हणजे तुला अजून दोन महिने तरी, मी तर म्हणेन वर्ष होऊ दे, तोवर स्नायू पण होतील आणि कातडी जेवढी आवळायची तेवढी आवळेल. अजून मूल हवं असेल तर ते आधी. तंबाखू कुठल्याही रूपात नको, आणि यात मिश्री पण आली, ती बायका मोजतच नाहीत, निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि शिवलेली कड काळी पडू शकते, किमान महिनाभर आधी बंद.

डॉक्टर निवडताना पाटीवरचं कॉस्मेटिक हे अक्षर बघून जाऊ नकोस, प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच, डीएनबी किंवा डीआरएनबी ही डिग्री आहे का ते विचार, अशी किती ऑपरेशनं करतात, भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का हे विचार, आणि चिडून उत्तर देणारा असेल तर उठून ये. खर्च लाखाच्या पुढेच जातो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात पण चौकशी कर, तिथं रांग असेल पण खर्चात खूप फरक पडतो. विमा कंपनी कॉस्मेटिक म्हणून नाही म्हणते, पण वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरने लेखी दिलं तर मागून बघता येतं, म्हणून खाजेचे फोटो तारखेसकट, स्किनच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं एका फाईलमध्ये लावून ठेव. मंजूर होईलच असं नाही.

आता भाऊ. 24 वय ही त्याची जमेची बाजू, पण 118 वरून उतरल्यावर थोडी तरी कातडी सुटणारच, पोटाला आणि पुरुषांना छातीला जास्त दिसते, हे त्याला आधीच सांग म्हणजे वर्षाने तोंड पाडून बसणार नाही. इंजेक्शन वाईट नाही, पण डॉक्टरने तपासून दिलेलं, मित्राच्या ओळखीने मागवलेलं नाही. त्यात गंमत अशी की भूक एवढी मरते की पोरं दिवसभर दोन पोळ्यांवर काढतात आणि वजन उतरलं म्हणून खूश होतात, पण त्यात स्नायू किती गेले ते काट्यावर दिसत नाही. त्याला सांग, आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको, जेवणात आधी अंडी-चिकन-डाळ आणि मग जागा उरली तर पोळी, वजनं उचलायला पहिल्या आठवड्यापासून सुरुवात, उतरल्यावर बघू असं नाही. सिगारेट ओढत असेल तर ती सोडणं कुठल्याही क्रीमपेक्षा कातडीला जास्त उपयोगी. आणि एकदा उतरलं की परत वाढवून परत उतरवायचा खेळ नको.

ता.क. कोलाजन पावडरचे उरलेले डबे फेकू नकोस, ताकात घालून संपव. कातडीचा ओलावा थोडा सुधारतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, त्यातले बरेच त्या कंपन्यांच्याच पैशावर झालेले, लोंबलेली कातडी वर गेल्याचं काही नाही. फक्त ती 75 ग्रॅममध्ये धरू नकोस, कोलाजन हे अर्धवट प्रोटीन आहे, त्यात एक आवश्यक अमायनो आम्ल नसतंच. तिसरा डबा आणायचे पैसे अंड्यांना.